बेस ऐकू येतोय का? : एथिस्टच्या 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स'ची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज जरा बरे हेडफोन लागणार आहेत. फोनच्या स्पीकरवर माझी बडबड ऐकू येईल, पण मी ज्याबद्दल बोलणार आहे ते ऐकू येणार नाही. कारण आजचा विषय बेस गिटार आहे आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरला बेस झेपत नाही.

बँडचं नाव एथिस्ट. गाव सारासोटा, राज्य फ्लोरिडा, देश अमेरिका. अल्बम 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स', साल १९९१. आठ गाणी, सगळी मिळून साधारण ३२ मिनिटं. म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत जाताना अख्खा अल्बम ऐकून होतो.

प्रकार आहे टेक्निकल डेथ मेटल. आता हे ऐकून ज्यांचा अंगठा स्किपकडे गेलाय, त्यांनी पाच मिनिटं थांबा प्लीज. हे संगीत तुम्हाला आवडलंच पाहिजे असं माझं काही म्हणणं नाही. पण या अल्बमच्या आत एक प्रश्न आहे, तो तुमच्या-माझ्या कामात पण येतो. टीममधला एक माणूस अचानक गेला, तर त्याने केलेल्या कामाचं बाकीच्यांनी काय करायचं?

आधी मला हा अल्बम कसा सापडला ते थोडक्यात सांगतो. रात्रीचं रिलीज होतं. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, अशा रात्री अर्धा वेळ नुसतं वाट बघण्यात जातो. मी डेथ या बँडचा 'ह्यूमन' अल्बम लावला होता. तोही १९९१ चाच, आणि तो बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. तो संपला आणि ॲपने आपलं आपणच पुढचं काहीतरी लावलं. मी स्क्रीनवर लॉग बघत होतो. आणि अचानक लक्षात आलं, की मी गिटार ऐकतच नाहीये. मी बेस ऐकतोय. डेथ मेटलमध्ये! मी फोन उचलून नाव बघितलं.

यात एवढं आश्चर्य कसलं, ते सांगायला थोडं तांत्रिक बोलावं लागेल. सोपं करून सांगतो.

डेथ मेटलमध्ये गिटार खालच्या सुरात लावलेल्या असतात. त्यावर भरपूर डिस्टॉर्शन असतं. खाली ड्रमरचे दोन्ही पाय किक ड्रमवर धावत असतात. म्हणजे आवाजाचा जो खालचा पट्टा बेसचा हक्काचा असतो, तिथे गिटार पण घुसलेल्या असतात आणि किक ड्रम पण. मग बेसवाला काय करतो? बहुतेक वेळा गिटार जे वाजवते तेच एक सप्तक खाली वाजवतो. त्याने आवाजाला जाडी येते, पण बेस वेगळा असा ऐकू येत नाही. वरातीतल्या डीजेसारखं होतं. छातीत धडधड जाणवते, पण नक्की काय वाजतंय ते सांगता येत नाही.

एथिस्टचा बेसिस्ट रॉजर पॅटरसन या पद्धतीने वाजवत नव्हता. तो बोटांनी वाजवायचा आणि गिटारच्या मागे न जाता स्वतःची वेगळी ओळ विणायचा. गिटार वर चढत असेल तर हा खाली उतरणार. गिटार थांबली की हा त्या फटीत चार सुरांचं काहीतरी टाकून जाणार. आणि समोर ड्रमवर स्टीव्ह फ्लिन. हा पण सरळ ठोकणाऱ्यांतला नाही. आपल्याकडे तबला ऐकताना आपण नकळत समेची वाट बघतो ना, तसं इथे तुम्ही समेची वाट बघत बसता आणि ती तुम्हाला हुलकावणी देत राहते. ताल मध्येच बदलतो, एखादी मात्रा कमी होते, एखादी वाढते. जॅझ फ्यूजनची हवा यात भरपूर आहे. गिटारवर केली शेफर आणि रँड बर्की, गायनही शेफरचंच.

या चौघांचा पहिला अल्बम 'पीस ऑफ टाइम'. तो १९८८ मध्ये रेकॉर्ड झाला, पण अमेरिकेतल्या दुकानांत यायला १९९० उजाडलं. म्हणजे लोकांच्या हातात पहिला अल्बम पडला तेव्हा बँड कधीच पुढे निघून गेला होता. आपल्याकडे एखादं फीचर प्रॉडक्शनला जाईपर्यंत टीम पुढच्या व्हर्जनवर असते, अगदी तसंच. १९९० मध्येच त्यांनी दुसऱ्या अल्बमच्या गाण्यांचे डेमो करून ठेवले. त्या डेमोंवर बेस रॉजर पॅटरसनचा आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

मग स्वीडनच्या कँडलमास या बँडबरोबर त्यांनी टूर केली. त्यानंतर १२ फेब्रुवारी १९९१ ला त्यांच्या व्हॅनला अपघात झाला आणि रॉजर पॅटरसन गेला. विशीतला मुलगा. आत्ता हे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या कित्येकांच्या वयाचा.

आता बँडसमोर काय होतं बघा. गाणी तयार आहेत. डेमो तयार आहेत. ज्या माणसाभोवती ती गाणी विणली होती तो नाही. अशा वेळी तीन रस्ते असतात. एक, बँड बंद करायचा. दोन, नवीन बेसिस्ट घ्यायचा आणि त्याला म्हणायचं, बाबा तू गिटारच्या मागे मागे वाजव, बेस जरा हळू ठेवू, कुणाच्या लक्षात येणार नाही. तीन, त्याच्याच ओळी कुणाला तरी शिकवायच्या आणि अल्बममध्ये सगळ्यांच्या पुढे आणून ठेवायच्या.

त्यांनी तिसरा रस्ता घेतला. त्यासाठी आला टोनी चॉय. हा तेव्हा मायामीच्या सिनिक या बँडमध्ये वाजवायचा. फ्लोरिडातली ही सगळी मुलं एकमेकांना ओळखून होती. चॉयने पॅटरसनच्या ओळी शिकून घेतल्या आणि अल्बमवर वाजवल्या. त्याच वर्षी त्याने नेदरलँड्सच्या पेस्टिलन्स बँडच्या 'टेस्टिमनी ऑफ द एन्शंट्स'वरही बेस वाजवलाय. एका वर्षात दोन बँडना मदतीचा हात, आणि दोन्ही अल्बम नावाजलेले.

रेकॉर्डिंग झालं टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत, स्कॉट बर्न्स या प्रोड्यूसरकडे. त्या काळचं अर्धं फ्लोरिडा डेथ मेटल या माणसाच्या हाताखालून गेलंय. आणि आपल्या लोकांसाठी एक मजेदार गोष्ट. हा स्कॉट बर्न्स पुढे संगीत सोडून कम्प्युटर प्रोग्रामिंगमध्ये गेला. आपण कोडिंग सोडून बँड करायची स्वप्नं बघतो, तो उलट्या दिशेने आला!

या अल्बमच्या मिक्समध्ये गिटारचा आवाज तुलनेने कोरडा आहे. जाडजूड भिंत नाही. त्यामुळे खाली जागा मोकळी राहते आणि त्या जागेत बेस चालतो, पळतो, गिरक्या घेतो.

इथे मला दुसऱ्या एका अल्बमची आठवण येते, आणि तो तुमच्यापैकी जवळपास सगळ्यांना माहीत असणार. मेटालिका. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये त्यांच्या टूर बसला अपघात झाला आणि बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ मध्ये '...अँड जस्टिस फॉर ऑल' आला. आणि त्या अल्बमची सगळ्यात जास्त चर्चिली गेलेली गोष्ट कुठली? त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. असं का झालं, यावर फॅन लोक आजही तावातावाने भांडतात. मला त्यात कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. शिवाय त्याच अल्बममध्ये बर्टनने मागे ठेवलेल्या तुकड्यांवर बांधलेलं एक गाणं आहे, म्हणजे ते त्याला विसरले होते असंही नाही.

पण दोन्ही अल्बम एकामागोमाग ऐकून बघा. दोन्हीकडे प्रवासातला अपघात, दोन्हीकडे बेसिस्ट गेला, दोन्हीकडे नवीन माणूस आला. एका अल्बममध्ये त्या जागी पोकळी ऐकू येते. दुसऱ्यात ती जागा इतकी भरलेली आहे की आधी लक्ष तिकडेच जातं. पहिला अल्बम लाखोंनी विकला गेला. दुसरा कुणाच्या फारसा गावीही नव्हता.

आता ते डेमो. २००५ मध्ये रिलॅप्स या रेकॉर्ड कंपनीने एथिस्टचे तिन्ही जुने अल्बम परत काढले. 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स'च्या त्या आवृत्तीत मूळ आठ गाण्यांनंतर १९९० चे डेमो जोडलेत, पॅटरसनने वाजवलेले. म्हणजे तुमच्यासारख्या-माझ्यासारख्या कुणालाही आज फोनवर एकच गाणं दोनदा ऐकता येतं. एकदा चॉय, एकदा पॅटरसन.

मी एका रविवारी दुपारी हेच केलं. दोन फाइल शेजारी शेजारी उघडून आपण फरक बघतो ना, तसंच. शीर्षकगीत आधी अल्बमवरचं, मग डेमोवरचं. आणि काय दिसलं, तर सांगाडा तोच आहे. ओळ कुठून निघते, कुठे वळते, ते तसंच आहे. पण चॉयचा हात वेगळा आहे. त्याचा सूर जास्त गोल आहे, डेमोवरचा पॅटरसन जास्त खरखरीत आणि घाईतला वाटतो. चॉयने पॅटरसनची नक्कल केलेली नाही. पॅटरसनने जे लिहिलं ते त्याने नीट वाचलं आणि मग स्वतःच्या आवाजात म्हटलं.

आणि अजून एक. 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' याचा अर्थ, ज्याबद्दल शंकाच नको असं अस्तित्व. ऐकणाऱ्याला वाटेल हे नाव मित्राच्या आठवणीत ठेवलं असणार. पण हे गाणं अपघाताच्या आधीचं आहे! पॅटरसन स्वतः त्या गाण्यावर वाजवतोय. त्याच्या जाण्यानंतर त्याच शब्दांना वेगळं वजन आलं. मला हे कळलं तेव्हा मी अल्बम थांबवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

का, ते सांगतो. २०२१ मध्ये आमच्या टीममधला एक सीनियर गेला. नाव सांगत नाही, त्याच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. आम्ही त्याला दादा म्हणायचो. रात्री चालणारा एक हिशोब जुळवणीचा जॉब होता, तो पूर्ण त्याने लिहिलेला. अवघड काम. आणि त्यात जागोजागी त्याच्या कमेंट्स, त्याच्या खास शैलीत. एका ठिकाणी लिहिलेलं, की बाबांनो हा भाग विचित्र दिसतो हे मला माहितीये, पण बदलण्याआधी महिनाअखेरची एक रात्र जागून बघा.

तो गेल्यावर मीटिंग झाली. एक मत होतं, सगळं नव्याने लिहू. दुसरं मत होतं, हात लावू नका, चालतंय ना. दोन्ही मतांमागे कारणं होती. ते काम माझ्याकडे आलं. मी महिनाभर ते नुसतं वाचलं. प्रत्येक विचित्र दिसणाऱ्या ओळीसाठी आधी टेस्ट लिहिली, मग समजून घेतलं की हे असं का. जिथे बदल लागत होता तिथे बदल केला, माझ्या पद्धतीने. त्याच्या कमेंट्स ठेवल्या. महिनाअखेरची रात्र जागून पण बघितली, आणि दादा म्हणत होता ते खरं निघालं. आजही त्या फाइलचा गिटमधला इतिहास उघडला तर एका ओळीवर त्याचं नाव, पुढच्या चार ओळींवर माझं, परत त्याचं, असं दिसतं.

नवीन आलेली मुलं विचारतात, हे कोण? मग मी सांगतो. त्या फाइलमुळे वर्षातून दोन-तीनदा तरी त्याच्याबद्दल बोलणं होतं.

म्हणून टोनी चॉयने काय केलं असेल, याचा मला थोडासा अंदाज करता येतो. गेलेल्या माणसाचं काम हातात घेणं म्हणजे आधी पुष्कळ ऐकणं. आपलं काही घालायचं असेल तर ते त्यानंतर. आणि बाकीच्या टीमने त्या कामाला जागा द्यायची, आवाज वाढवायचा. एकटा चॉय कितीही चांगला वाजवला असता आणि मिक्समध्ये बेस दाबला असता, तर आज आपण हे बोलत नसतो.

मग एवढा चांगला अल्बम तेव्हा दुर्लक्षित का राहिला? १९९१ हे वर्ष बघा. ऑगस्टमध्ये मेटालिकाचा काळ्या कव्हरचा अल्बम आला. सप्टेंबरमध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला. सगळ्यांचे कान तिकडे. डेथ मेटलच्या छोट्या दुनियेतही मॉर्बिड एंजेल, सफोकेशन, डेथ यांचे जबरदस्त अल्बम त्याच वर्षीचे. त्या श्रोत्याला हवा होता वेग आणि वजन. त्याला जॅझच्या अंगाने जाणारी, मध्येच नाजूक होणारी गाणी कुठे ठेवायची तेच कळेना. शब्दही नेहमीचे रक्तमांसाचे नाहीत. 'मदर मॅन'मध्ये माणूस आणि निसर्ग यांचा विषय येतो. जॅझवाल्यांना हा आरडाओरडा वाटला, मेटलवाल्यांना ही हुशारी वाटली. मधल्या मध्ये अल्बम राहिला.

त्यात बँडही टिकला नाही. फ्लिन बाहेर पडला. १९९३ मध्ये कराराची पूर्तता म्हणून 'एलिमेंट्स' हा तिसरा अल्बम अवघ्या ४० दिवसांत उभा केला, आणि मग बँड थांबला. पुढे २००५ च्या त्या आवृत्त्यांमुळे नवीन पिढीच्या कानावर हे पडलं, २००६ मध्ये बँड परत मंचावर आला आणि २०१० मध्ये 'जुपिटर' नावाचा नवा अल्बमही आला. आज टेक्निकल डेथ मेटलच्या जाणकारांत 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स'ला मान आहे. पण त्या छोट्या वर्तुळाच्या बाहेर विचारून बघा, दहातल्या नऊ मेटल फॅन्सनी सुद्धा नाव ऐकलेलं नसतं. माझ्या ग्रुपवर विचारलं तर सात जणांपैकी एकाला माहीत होतं, आणि तो बेस वाजवतो!

आता ऐकायचं कसं ते सांगतो, कारण थेट पूर्ण अल्बम लावलात तर डोकं गरगरेल.

पहिल्यांदा 'ॲन इनकार्नेशन्स ड्रीम' लावा. सुरुवात शांत आहे, कान तयार होतात. मग 'मदर मॅन'. ते ऐकताना गायकाकडे आणि गिटारकडे दुर्लक्ष करायचं आणि फक्त बेसच्या मागे जायचं, जसं गर्दीत आपण एकाच ओळखीच्या माणसाच्या शर्टाकडे बघत चालतो. सुटला तर सुटू द्या, तो परत सापडतो. तिसऱ्यांदा फक्त ड्रम. चौथ्यांदा सगळं एकत्र. चार वेळा ऐकायला वीस मिनिटं पण लागत नाहीत, एवढ्या वेळात आपण किती रील्स सरकवतो ते सांगायला नको. मग शीर्षकगीत, आधी अल्बमवरचं आणि लगेच डेमो. ॲपमध्ये रिलॅप्सची आवृत्ती बघा, गाण्यांची यादी लांब असेल तर तीच.

ॲपच्या इक्वलायझरमध्ये 'बेस बूस्ट' चालू असेल तर बंद करा. त्याने नुसती धडधड वाढते आणि ओळ पुसली जाते.

आणि हो, ऐकून नाही आवडलं तर नाही आवडलं. कॉमेंटमध्ये बिनधास्त लिहा. पण चौथ्यांदा ऐकल्यानंतर लिहा, एवढीच अट.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या फोनमधलं कुठलंही आवडतं गाणं, मराठी, हिंदी, काहीही, आज एकदा फक्त बेससाठी ऐका. आणि तो बेस कुणी वाजवलाय ते शोधून काढा. बऱ्याचदा नाव सापडायला वेळ लागेल, कारण अशी नावं कुणी वर लिहीत नाही. सापडलं की कॉमेंटमध्ये टाका, गाणं आणि वाजवणाऱ्याचं नाव. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला मी ती सगळी नावं वाचून दाखवणार आहे. सुरुवात मी करून ठेवतो: रॉजर पॅटरसन, टोनी चॉय.

भेटू पुढच्या आठवड्यात. हेडफोन चार्ज करून ठेवा.